मेणाच्या पुतळ्यांमागची बातमी : ‘मिस्टरी ऑफ द वॅक्स म्यूझियम’ (१९३३) आणि त्याची नवी ब्लू-रे

वर्षाची शेवटची रात्र आहे, न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर नववर्षाच्या स्वागताचा गोंगाट चालला आहे आणि एका वृत्तपत्राच्या कचेरीत संपादक आपल्या हाताखालच्या एका तरुण बातमीदारणीला बजावतो आहे की बातमी आणलीस तर ठीक, नाहीतर नोकरी गेली असे समज. ती मुलगी रडत नाही, गयावया करत नाही आणि संपादकाचे म्हणणे फारसे मनावरही घेत नाही. त्याला चार खोचक शब्द ऐकवून ती टोपी सारखी करते आणि पोलिसांकडे निघते. वॉर्नर ब्रदर्सच्या १९३३ सालच्या ‘मिस्टरी ऑफ द वॅक्स म्यूझियम’ या चित्रपटाची गणना भयपटांत होते. विद्रूप चेहऱ्याचा माणूस, तळघर, उकळते मेण आणि किंचाळणारी नायिका हा सगळा ऐवज त्यात आहेच. तरीही यूसीएलए विद्यापीठाच्या चित्रपट संग्रहाने नव्याने सिद्ध केलेल्या प्रतीवरून वॉर्नर अर्काइव्हने २०२० साली काढलेली ब्लू-रे डिस्क दोनदा पाहून झाल्यावर माझे मत असे झाले आहे की हा मुळात एका बातमीचा चित्रपट आहे, त्यातला राक्षस ही ती बातमी आहे आणि सत्त्याहत्तर मिनिटांचे हे सारे यंत्र फ्लॉरेन्स डेम्प्सी नावाच्या बातमीदारणीच्या पायांवर चालते.

हा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तो पुष्कळ वर्षांपूर्वी, एका चित्रपट मंडळाच्या पडद्यावर. ती प्रत इतकी फिकट होती की माणसे गुलाबी धुक्यात वावरत आहेत असे वाटावे, आणि संवाद तर निम्मेच कळले होते. तेव्हा मी एका दैनिकात उपसंपादक होते. गुन्हेवार्तांकन मागितले असता ‘रात्री-अपरात्री पोलीस ठाण्यांवर मुलीला कुठे पाठवायचे’ असे सांगून मला महिलांची पुरवणी सोपवण्यात आली होती. त्यामुळे चित्रपटातले बाकी काही लक्षात राहिले नाही, तरी पोलिसांच्या टेबलावर हात टेकून, ठाण्यातल्या शिपायाला ‘काय म्हणते तुमचे कामजीवन?’ असे बिनदिक्कत विचारणारी सोनेरी केसांची ती मुलगी पक्की लक्षात राहिली. हा प्रश्न १९३३ सालच्या पडद्यावर विचारता आला, कारण हॉलिवूडची नीतिसंहिता कागदावर होती तरी तिची कडक अंमलबजावणी १९३४च्या मध्यापासून सुरू झाली. आणखी दीड वर्षाने हाच चित्रपट निघाला असता, तर फ्लॉरेन्सच्या तोंडची निम्मी वाक्ये पटकथेतच छाटली गेली असती.

कथा ज्यांना अजिबात कळू द्यायची नाही त्यांनी पुढचे काही परिच्छेद गाळावेत, कारण रहस्य राखून या चित्रपटाविषयी नीट लिहिता येत नाही. सुरुवात १९२१च्या लंडनमध्ये होते. आयव्हन इगोर हा मूर्तिकार आपल्या संग्रहालयात मेणाच्या पुतळ्यांशी जणू नातेवाइकांशी बोलावे तसा बोलतो. फ्रान्सची राणी मेरी आंत्वानेत हिचा पुतळा त्याचा सर्वांत लाडका. संग्रहालय चालत नाही, म्हणून त्याचा भागीदार वर्थ विम्याच्या दहा हजार पौंडांसाठी सगळे जाळून टाकण्याचा बेत मांडतो, इगोर अडवतो, मारामारी होते आणि आग लागते. पुढची दोन-तीन मिनिटे मी आजवर पाहिलेल्या सर्वांत अस्वस्थ करणाऱ्या दृश्यांपैकी आहेत. त्यात एकही माणूस मरताना दिसत नाही, फक्त पुतळे वितळतात. गाल खाली घसरतो, डोळ्याची खोबण रिकामी होते, हनुवटी छातीवर ओघळते, आणि ज्वाळांच्या तांबूस उजेडात हे चेहरे इतके सावकाश विरघळतात की मेण आणि मांस यांतला फरक प्रेक्षकाच्या मनातून आधीच पुसला जातो. पुढे उघड होणाऱ्या रहस्याची (इगोरचे नवे पुतळे म्हणजे मेणाखाली दडवलेली प्रेते आहेत) ही पूर्वतयारी आहे, हे दुसऱ्यांदा पाहताना लक्षात आले.

तेथून चित्रपट बारा वर्षे ओलांडून न्यूयॉर्कला येतो. होरपळलेले हात आणि चाकांची खुर्ची घेऊन आलेला इगोर नवे संग्रहालय उघडण्याच्या तयारीत आहे. स्वतःला मूर्ती घडवता येत नाहीत म्हणून तो मदतनिसांवर अवलंबून आहे. त्याच सुमारास जोन गेल नावाच्या तरुणीने आत्महत्या केल्याची खबर येते, तिचा श्रीमंत मित्र विंटन संशयावरून अटकेत पडतो आणि तिचे प्रेत शवागारातून नाहीसे होते. शवागाराचे हे दृश्य थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. चित्रपटात पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच, त्यामुळे पांढऱ्या चादरींखाली ओळीने निजवलेल्या देहांच्या त्या खोलीत नुसती शांतता भरून राहते. एक प्रेत औषधी द्रवाच्या परिणामाने अचानक उठून बसते, तिथला कर्मचारी सवयीने त्याला परत आडवे करतो, आपण हसतो, आणि हसू पुरते ओसरण्याआधीच दुसरी एक चादर हलते. विनोद आणि भीती एकाच श्वासात देण्याची ही रीत पुढच्या काळात पुष्कळांनी उचलली, पण इतक्या कमी सामग्रीत ती साधलेली फारशी दिसत नाही.

आता फ्लॉरेन्स. तिची मैत्रीण शार्लट ही इगोरच्या एका मदतनिसाची वाग्दत्त वधू, म्हणून फ्लॉरेन्स सहज संग्रहालयात जाते आणि जोन ऑफ आर्कच्या पुतळ्यासमोर थबकते. हा चेहरा आपण पाहिला आहे, तो नाहीशा झालेल्या जोन गेलचा आहे, हे तिला कळते. बातमीदार एखादी गोष्ट ‘ओळखतो’ म्हणजे काय होते, हे ग्लेंडा फॅरेलने या दृश्यात फार नेमके दाखवले आहे. ती दचकत नाही किंवा मैत्रिणीला हाक मारून काही सांगतही नाही. तोवर चाललेली तिची अखंड बडबड मात्र थांबते. उरलेल्या चित्रपटात तिच्या गप्प बसण्याला एवढे महत्त्व पुन्हा येत नाही. त्यानंतर ती जे करते ते कुठल्याही शहर आवृत्तीच्या बातमीदाराला ओळखीचे वाटेल: पोलिसांना अर्धी माहिती द्यायची आणि अर्धी त्यांच्याकडून काढायची, सुटलेल्या विंटनची मोटार आणि वेळ हक्काने वापरायचा, संशयिताचा पाठलाग करायचा, आणि शेवटी एका अंधाऱ्या घराच्या तळघरात खिडकीतून एकटीने उतरायचे.

त्या तळघरात एक लांबट पेटी आहे. तिच्यात जोन गेलचे प्रेत असणार, या खात्रीने फ्लॉरेन्स पोलिसांना घेऊन येते, पेटी फोडली जाते आणि आत निघतात दारूच्या बाटल्या. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती (ती उठली १९३३च्या डिसेंबरात), आणि आग लावणारा तोच वर्थ आता चोरट्या दारूच्या धंद्यात आहे. म्हणजे सुगावा अगदीच चुकीचा नव्हता, फक्त हाती लागली ती दुसरीच बातमी. छातीठोकपणे सांगितलेल्या बातमीचा असा फज्जा उडाल्यावर सगळ्यांच्या देखत तोंड कसे सांभाळावे, याची वेळ ज्याच्यावर आली असेल त्याला हा प्रसंग भुताच्या चेहऱ्याइतकाच झोंबेल. फ्लॉरेन्स मात्र दुसऱ्या मिनिटाला पुन्हा कामाला लागलेली असते. रहस्यपटांतले हौशी शोधक सहसा चुकत नाहीत. ही चुकते, खजील होते आणि तरी मागे फिरत नाही, म्हणून ती मला खरी वाटते.

ग्लेंडा फॅरेलची बोलण्याची गती हा स्वतंत्र विषय आहे. ती वाक्य संपवण्याआधीच पुढचे सुरू करते, आणि त्या काळची न्यूयॉर्कची बोली इतकी दाट आहे की इंग्रजी उपशीर्षके लावल्यावाचून माझे चालले नाही. डिस्कवर ती आहेत, ही मोठी सोय झाली. संपादक जिमची भूमिका करणारा फ्रँक मक्ह्यू आणि ती यांच्यातली जुगलबंदी ऐकताना अनेकदा शिवीगाळ आणि जवळीक यांची सीमारेषा सापडत नाही. चार वर्षांनी, १९३७मध्ये, वॉर्नरनेच ‘स्मार्ट ब्लाँड’ या चित्रपटापासून टॉर्ची ब्लेन नावाच्या बातमीदारणीची नऊ चित्रपटांची मालिका सुरू केली आणि त्यातल्या सात चित्रपटांत फॅरेलच होती. ज्या कथांवरून ही मालिका बेतली त्यांत बातमीदार पुरुष होता, हे विशेष. सुपरमॅनच्या निर्मात्यांपैकी जेरी सीगल यांनी त्यातल्या लोइस लेन या बातमीदारणीच्या पात्रामागे टॉर्चीची प्रेरणा असल्याचे पुढे स्वतःच सांगितले. ‘लेन’ हे आडनाव आले ते एका चित्रपटात टॉर्ची झालेल्या लोला लेन या अभिनेत्रीवरून. या साऱ्या वंशावळीच्या मुळाशी जाऊन पाहायचे तर फ्लॉरेन्स डेम्प्सीपाशी थांबावे लागते.

तिच्या तुलनेत चित्रपटातले बाकीचे लोक फिके आहेत. लायनेल अ‍ॅटविलचा इगोर हा सन्माननीय अपवाद. मृदू आवाजात, सुसंस्कृत अदबीने तो शार्लटकडे पाहतो आणि तिच्यात आपली हरवलेली मेरी आंत्वानेत त्याला दिसते, तेव्हा त्या नजरेत वासना नसून कलावंताची हाव आहे, आणि म्हणून ती जास्त भयंकर वाटते. शार्लट झालेली फे रे याच वर्षी ‘किंग काँग’मुळे जगप्रसिद्ध झाली. येथे तिच्या वाट्याला सुंदर दिसणे आणि किंकाळी फोडणे एवढेच आले आहे, पण तिच्या मुठींचे प्रहार इगोरच्या चेहऱ्यावर पडतात आणि तो चेहरा मातीच्या भांड्यासारखा तडकून खाली जळके मांस दिसते, तो क्षण तिच्या नावावर जमा करावाच लागेल. तिचा प्रियकर राल्फ कोणी साकारला हे श्रेयनामावली पाहिल्याखेरीज आठवत नाही, यातच काय ते आले. व्यसनी मदतनिसाला अमली पदार्थ नाकारून त्याच्याकडून कबुली काढण्याची पोलिसांची पद्धत आज पाहवत नाही, आणि मूकबधिर नोकराला केवळ भीतीचे बुजगावणे म्हणून वापरले आहे, हेही खटकते. दिग्दर्शक मायकल कर्टिझ (नऊ वर्षांनी ‘कासाब्लांका’ करणारे तेच) या दोषांवरून वेगाने पुढे जातात, पण वेग म्हणजे समर्थन नव्हे.

आता रंगांविषयी, कारण डिस्क विकत घेण्याचे खरे कारण ते आहे. हा चित्रपट दोन रंगांच्या टेक्निकलर पद्धतीने चित्रित झालेला असून त्या पद्धतीने केलेल्या शेवटच्या मोठ्या चित्रपटांत त्याची गणना होते. कॅमेऱ्यात लोलकाने प्रकाश दुभागून एक प्रतिमा तांबड्या आणि दुसरी हिरव्या गाळणीतून टिपली जाई आणि पुढे दोन रंगद्रव्ये एकाच फितीवर उमटवली जात. त्यामुळे खरा निळा रंग या जगात अस्तित्वातच नाही. आकाश नाही, समुद्र नाही, निळा कपडा नाही. आहे ते नारिंगी, गुलाबी, शेवाळी आणि त्यांच्यामधला करडा काळोख. एरवी ही उणीव ठरली असती, पण छायाचित्रकार रे रेनाहन आणि कलादिग्दर्शक अँटन ग्रोट यांनी तिचाच उपयोग करून घेतला आहे. माणसांची त्वचा मेणासारखी दिसते आणि मेण त्वचेसारखे, हे या दोन रंगांच्या मर्यादेमुळेच शक्य झाले. इगोरच्या तळघरातली प्रयोगशाळा, तिच्यातले वाकडे जिने, अवाढव्य नळ आणि मधोमध उकळणारी कढई, हे सारे हिरवट उजेडात असे उभे राहते की जर्मन मूकपटांचे नेपथ्य रंगीत होऊन आल्यासारखे वाटते. उलट वृत्तपत्राची कचेरी साधी, उजळ आणि धावपळीची आहे. एकाच चित्रपटात दोन वेगवेगळी जगे आहेत आणि त्यांच्यामध्ये ये-जा करणारी व्यक्ती एकच आहे, हे रंग परत आल्यावर डोळ्यांना आपोआप कळते. फिकट प्रतीत ते कळण्याची सोय नव्हती.

एक गंमत मात्र या स्वच्छतेमुळेच उघडी पडली आहे. टेक्निकलरला लागणाऱ्या प्रखर दिव्यांपुढे मेणाचे पुतळे टिकत नसत, म्हणून कित्येक ठिकाणी पुतळ्यांच्या जागी जिवंत नट-नट्यांना उभे केले होते. नव्या प्रतीत नजर रोखून पाहिले तर एखादा राजा हलकेच डोलताना आणि एखादी राणी पापणी आवरताना दिसते. कथेच्या दृष्टीने याहून समर्पक चूक दुसरी असू शकत नाही.

या रंगांची परतभेट सहज झालेली नाही. प्रदर्शनानंतर काही वर्षांत रंगीत प्रती नाहीशा झाल्या आणि चित्रपट हरवला असे धरून चालले गेले. साठच्या दशकाच्या अखेरीस स्टुडिओचे मालक जॅक वॉर्नर यांच्या खासगी संग्रहात एक प्रत सापडली, पण तिच्यावरून काढलेल्या नंतरच्या प्रतींत रंगांचा पुरता विचका झाला. यूसीएलएच्या तंत्रज्ञांनी ती मूळ प्रत आणि दुसरी एक फ्रेंच प्रत यांच्या आधारे तुटलेले तुकडे भरून काढले आणि ओरखडे काढले. कोणताही रंग ‘सुधारून’ आधुनिक केला नाही, याबद्दल त्यांचे विशेष आभार मानले पाहिजेत. आपल्याकडे याच १९३३ साली प्रभातने ‘सैरंध्री’साठी रंगांचा प्रयोग केला होता, त्याच्या प्रती जर्मनीत काढल्या होत्या आणि रंग मनाजोगे न उतरल्याने तो फसला होता, हे डिस्क पाहताना सारखे आठवत राहिले.

डिस्कवरील पूरक ऐवज मोजका पण भरीव आहे. कर्टिझचे चरित्रकार अ‍ॅलन रोड यांचे भाष्य कलावंतांविषयी आणि स्टुडिओच्या कारभाराविषयी सांगते, तर पुनरुज्जीवनाचे काम पाहणारे स्कॉट मॅक्क्वीन यांचे भाष्य तंत्राविषयी. पहिले ऐकायला रंजक आहे, पण संग्रही ठेवायचे ते दुसरे. फे रे यांच्या कन्येने सांगितलेल्या आठवणींचा छोटा माहितीपटही आहे. ग्लेंडा फॅरेलवर मात्र स्वतंत्र असे काहीच नाही, आणि जिने चित्रपट ओढून नेला तिला वगळून किंचाळणारीचा सत्कार करावा, हा जुनाच पंक्तिप्रपंच येथेही झाला आहे. आवाज स्वच्छ आहे. जुन्या ध्वनिमुद्रणाची बारीक खरखर राहिली आहे, ती असू द्यावी अशीच. परदेशातून मागवण्याचा खर्च धरता डिस्क स्वस्त पडत नाही. माझी प्रत वेष्टनाचा कोपरा चेमटलेल्या अवस्थेत पोचली, परंतु आतली तबकडी शाबूत होती आणि घरच्या साध्या प्लेअरवर विनाअडथळा चालली.

पुढे १९५३ साली वॉर्नरनेच हीच कथा ‘हाउस ऑफ वॅक्स’ या नावाने त्रिमितीत काढली. व्हिन्सेंट प्राइसचा तो चित्रपट अधिक गाजला, आणि या मूळ चित्रपटाकडे लोक पुष्कळदा त्याच्या वाटेने येतात. त्यात वितळणारे पुतळे आहेत, तडकणारा चेहरा आहे, उकळते मेणही आहे. बातमीदार मुलगी तेवढी गायब आहे. परिणाम असा झाला की तेथे रहस्य उलगडण्याची कोणालाच निकड उरत नाही. राक्षस आपल्या सवडीने खून करतो आणि बाकीचे आपल्या सवडीने घाबरतात. तो चित्रपट मला आवडतो, पण त्यात घड्याळ चालत नाही.

मूळ चित्रपटानेही शेवटी फ्लॉरेन्सशी दगा केलाच आहे. इगोर पोलिसांच्या गोळीने स्वतःच्याच कढईत पडतो, शार्लट वाचते, वर्षानुवर्षांत एखादीच मिळावी अशी बातमी फ्लॉरेन्सच्या हाती लागते, आणि तिच्या संपादकाला तिचे कौतुक करायचे सुचते ते असे की हा धंदा सोड, बाईसारखी वाग आणि माझ्याशी लग्न कर. खाली मोटारीत लक्षाधीश विंटन वाट पाहतो आहे. ती खिडकीतून त्याच्याकडे एकदा पाहते, मग संपादकाकडे वळते आणि त्याचा सूड उगवण्याची भाषा करत होकार देऊन टाकते. पैसेवाल्याला नाकारून तिने कचेरीतला माणूस निवडला, यात थोडा मान राखला आहे असे कोणी म्हणेल, आणि तेही खरे आहे. पण धंदा सोडण्याच्या अटीचे काय झाले, हे पटकथेने मोघम ठेवले आहे. मी माझ्यापुरते ठरवून टाकले आहे की दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर आली होती. डिस्क सध्या माझ्या भाचीकडे आहे. ती एका वाहिनीसाठी गुन्हेवार्तांकन करते, रात्रपाळ्यांमुळे तिचा अर्धाच चित्रपट पाहून झाला आहे, आणि पेटीत दारू निघाली तिथपर्यंत येऊन तिने फोनवर मला एवढेच विचारले, ‘मावशी, हे आमच्या ऑफिसात कोणी सांगितलं यांना?’